घडीवाल्या ताई

“थांबा भैया, सुरुवातीपासून येऊ द्या मला.”

कोणताही शब्द विचारा, ताईंचं पहिलं उत्तर हे. उजव्या हातातली लाकडी पट्टी कागदाच्या घडीवरून फिरतच राहायची आणि डाव्या हाताचा अंगठा पदराआड बोटांच्या पेरांवरून चालू लागायचा. ओठ हलायचे, आवाज नाही. मग पाचव्या, पंधराव्या, कधी चाळिसाव्या पेराला अंगठा थांबायचा आणि त्या म्हणायच्या, “रिलक्टंट. म्हणजे मन नसताना तयार झालेला.” तोवर विचारणारा चहा पिऊन परत आलेला असायचा.

तुम्ही उज्जैनच्या फ्रीगंजात कधी छापखान्याकडे गेला असाल तर अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल. मागच्या दारापाशी गोणपाट, त्यावर मांडी घालून बसलेली, एका बाजूला छापलेल्या मोठ्या कागदांची चळत, दुसऱ्या बाजूला घड्या. प्रेसचे मालक माळव्यातले, ते त्यांना ‘बाईजी’ म्हणायचे. बाकी सगळे ताई म्हणायचे. वय सत्तावीस, मॅट्रिक बाहेरून झालेल्या. लग्नानंतर चौथ्या वर्षी नवरा टायफॉइडनं गेला. तेव्हापासून दिराच्या घरी राहून दोन वेळचा स्वयंपाक करायचा आणि मधल्या वेळात प्रेसमध्ये घड्या घालायच्या, असा दिवस.

मी त्या प्रेसमध्ये जायचो तो पत्रकं छापायला. तेव्हा मी एकवीस वर्षांचा, बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला. आमचं विद्यार्थ्यांचं एक मंडळ होतं आणि मागणी एकच होती. देश स्वतंत्र होऊन नऊ वर्षं झाली, तरी कॉलेजात शिरायचं तर आधी इंग्रजी शब्दांचा पेपर द्यायचा, हा अन्याय आहे, तो पेपर रद्द करा. आपल्या मुलांना येत नाही ते विचारायचं आणि येतं ते विचारायचंच नाही, याला परीक्षा म्हणतात का? माझं हे मत आजही बदललेलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला शहाणा झालेला समजू नये.

त्या वर्षी प्रेसमध्ये एक चोपडं छापायला आलं. इंदूरच्या कॉलेजांत, बायकांच्या कॉलेजातही, बाहेरून मॅट्रिक झालेल्यांसाठी एकच प्रवेश परीक्षा असते, तिला लागणारे सहाशे इंग्रजी शब्द आणि त्यांचे अर्थ. सोळा पानं एका मोठ्या कागदावर छापतात, त्याला फर्मा म्हणतात. चोपडं सहा फर्म्यांचं होतं. मशीन सुरू केलं की पहिले काही कागद वाया जातातच. शाई सांडते, पानं तिरकी येतात. हे कागद रद्दीत जायचे. ताईंनी रद्दीतून रोज एक कागद उचलला, घडी घातली, दोऱ्यानं टाचला. असं पाच फर्म्यांचं पुस्तक त्यांनी जमवलं.

“आणि सहावा?” मी विचारलं.

“सहावा आहे. चौथा नाही. चौथ्याच्या दिवशी जावेला ताप होता, मी घरी राहिले. त्या दिवसाची रद्दी चणेवाल्यानं नेली.”

“मग?”

“मग काय. चार आठवडे चणे खाल्ले. दोन पानं मिळाली.”

हे त्यांनी हसून नाही सांगितलं. त्यांना खरंच अजून चौदा पानं हवी होती.

मी अख्खं चोपडं त्यांना आणून दिलं. दुकानात ते मागताना मी दोनदा मागं वळून पाहिलं, न जाणो मंडळातलं कुणी असेल. इंग्रजीच्या विरोधात भाषणं करणारा मी, इंग्रजी शब्दांचं पुस्तक खिशात खुपसून गल्लीबोळांतून प्रेसपर्यंत आलो. तुम्ही हसाल, पण मला घाम फुटला होता. भित्रेपणाची सुरुवात अशीच छोटी असते.

ताईंनी माझ्या चोपड्यातला चौथा फर्मा तेवढा उसवून घेतला आणि बाकीचं परत दिलं. “माझे पाच आहेत ना,” म्हणाल्या.

त्या दिवसापासून मी त्यांचा मास्तर झालो. म्हणजे पत्रकाचं काम संपलं की दारापाशी उभा राहून शब्दाचा उच्चार सांगायचा, तो वाक्यात कसा येतो ते सांगायचं. दार उघडं, मशीन चालू, चार माणसं आजूबाजूला. विधवा बाई आणि कॉलेजातला पोरगा, याहून आत जाऊन बसण्याची हिंमत दोघांतही नव्हती.

पाठ करण्याची त्यांची पद्धत मी आधी कुठं पाहिली नव्हती. त्यांच्या वडिलांची रामघाटाजवळ छोटी पाठशाळा होती. सातआठ मुलं ओटीवर बसून वेद म्हणायची. मुलीला संथा मिळायची नाही. ताई आत तांदूळ निवडायच्या आणि ऐकायच्या. मंत्र त्यांच्या लक्षात राहिले नाहीत, पण पाठ बांधण्याची रीत राहिली. पहिला शब्द दुसऱ्याला बांधायचा, मग दुसरा पहिल्याला, मग पुन्हा पहिला दुसऱ्याला. मग दुसरा तिसऱ्याला. असं पुढे, मागे, पुन्हा पुढे करत सगळी माळ ओवायची. एक अक्षर निसटत नाही.

त्या रीतीनं त्यांनी इंग्रजीचे सहाशे शब्द ओवले. “ऑब्स्टिनेट हट्टी, टिमिड भित्रा, टिमिड भित्रा, ऑब्स्टिनेट हट्टी, ऑब्स्टिनेट हट्टी, टिमिड भित्रा.” रद्दी उचलायला आलेला हमालही एक दिवस पोत्याखालून “टिमिड भित्रा” म्हणत गेला.

रीत चोख होती. फक्त परीक्षेसाठी ती चुकीची होती, आणि ते आम्हा दोघांनाही उशिरा कळलं. वेद म्हणणाऱ्याला कुणी मधलाच शब्द उचलून त्याचा अर्थ विचारत नाही. परीक्षा नेमकं तेच करते. मधला शब्द विचारला की ताईंना माळ धरून तिथपर्यंत यावं लागायचं. शंभर-शंभर शब्दांचे त्यांनी सहा भाग पाडले होते, म्हणजे फार तर शंभरावरून यायचं. तरी वेळ जायचा तो जायचाच.

“तोडून पाठ करा ना, ताई. सुटे सुटे.”

“सुटं केलं की सांडतं, भैया.”

“पण तिथं तीन तास असतात. शंभर प्रश्न.”

“मग मी भरभर येईन.”

आणि त्या भरभर यायला लागल्या. उन्हाळा लागला तेव्हा अंगठा पेरांवरून इतका पळायचा की मालक एक दिवस म्हणाले, “बाईजी, उंगली में करंट है क्या?”

तुम्हाला वाटेल, एवढा आटापिटा कशासाठी. तर ऐका. आमच्या डोळ्यांदेखत ग्वाल्हेरचा दरबार गेला, मध्यभारत आला, आणि आता मध्यभारतही जाणार होता. नवं राज्य होणार, राजधानी भोपाळ. उज्जैनच्या कचेऱ्यांतल्या अर्ध्या मराठी घरांत त्या उन्हाळ्यात एकच बोलणं होतं, कुणाची बदली होणार, तिकडे मराठी शाळा आहे का, घर मिळेल का. ताईंचे दीर कचेरीत कारकून. त्यांचं नाव बदलीच्या यादीत होतं. दिवाळीच्या आत घर हलणार होतं आणि ताई सामानाबरोबर जाणार होत्या. तिथं ना प्रेस, ना ओळखीचं कुणी. आणि बायकांच्या कॉलेजची वयाची अट अठ्ठावीसच्या आत. म्हणजे ही परीक्षा, नाही तर कुठलीच नाही. पास झालं तर इंदूरला दोन वर्षं वसतिगृहात खोली, जेवण, शिक्षण, आणि बाहेर पडताना शाळेत नोकरी.

दिरांना यातलं काही माहीत नव्हतं. फॉर्मवर ताईंनी पत्ता प्रेसचा दिला होता.

एकदा मी विचारलं, “भीती वाटते का परीक्षेची?”

पट्टी थांबली. अशी ती थांबलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. “परीक्षेची नाही वाटत. भोपाळच्या स्वयंपाकघराची वाटते. मी ते अजून पाहिलं नाही. पण चूल कुठं असेल आणि माझं अंथरूण कुठं पडेल, ते मला आत्ता दिसतं.”

जूनमध्ये मंडळानं ठरवलं की आता नुसती पत्रकं पुरे. परीक्षेचं उज्जैनचं केंद्र फ्रीगंजातल्या एका शाळेत होतं. पत्रक मी लिहिलं. जोरदार लिहिलं. त्यात एक ओळ होती, “या पेपरला जो बसेल तो अजून गोऱ्या साहेबाचा नोकर आहे.” मला ती ओळ फार आवडली होती. दोन हजार प्रती छापल्या आणि घड्या घालायला ताईंकडे गेल्या.

मी संध्याकाळी गठ्ठा न्यायला गेलो. घड्या नेहमीसारख्याच, एकावर एक, कोपऱ्याला कोपरा.

“वाचलंत?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“वाचलं ना. ‘नोकर’ जरा मोठ्या टायपात हवा होता. मागच्या माणसाला दिसला पाहिजे.”

“ताई, ते तुम्हाला नाही...”

“मला नाही तर कुणाला? उज्जैनमधून बायका आम्ही पाचच जणी बसतोय.” मग गठ्ठा बांधत म्हणाल्या, “न्या. सुतळी सैल आहे, खालून धरा.”

पत्रकात न लिहिलेली गोष्ट वेगळीच होती. आमच्या अध्यक्षांनी बैठकीत सांगितलं, “दारात आडवं पडायचं. नुसतं. घोषणा नाही, हात लावायचा नाही. आपल्याकडे निजलेल्या माणसाला कुणी ओलांडत नाही. बायका तर नाहीच नाही.” सगळे खूश झाले. मीही मान हलवली. निजलेल्या पोराला ओलांडलं तर त्याची वाढ खुंटते, चुकून ओलांडलंच तर उलट ओलांडून दोष काढायचा, हे आमच्या सगळ्यांच्या घरी. अंधश्रद्धेविरुद्ध मी स्वतः तीन पत्रकं लिहिली होती. आता त्याच अंधश्रद्धेवर आमचा मोर्चा आडवा पडणार होता, आणि हे मला तिथं बोलून दाखवता आलं असतं. मी बोललो नाही. बोललो असतो तर कुणी तरी विचारलं असतं, तुला का पुळका? आणि मग ते चोपडं, तो चौथा फर्मा, सगळं निघालं असतं. मला मंडळातून काढतील याची भीती मला ताईंच्या भोपाळपेक्षा मोठी वाटली. लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं.

मी ताईंना एवढंच म्हणालो, “परवा जरा लवकर जा.”

“किती लवकर?”

“जरा.”

त्या जरा लवकर आल्या. आम्ही त्याच्याही आधी येऊन पडलो होतो.

शाळेला दोन पायऱ्या, वर कट्टा आणि एकच अरुंद दार. आम्ही अकरा जण, पायऱ्यांपासून दारापर्यंत, खांद्याला खांदा लावून. मी दाराच्या अगदी तोंडाशी. फरशी सकाळीच तापलेली. परीक्षेला आलेले मुलगे थोडा वेळ घुटमळले आणि मागच्या भिंतीवरून उड्या मारून आत गेले. बायकांना भिंत नव्हती. त्या पाच जणी कडुलिंबाखाली उभ्या राहिल्या. एक हवालदार तिथंच बाकावर बसून तंबाखू मळत होता, त्याला कुणी काही हुकूम दिला नव्हता. एकीचे वडील बराच वेळ हवालदाराशी बोलले, मग पोरीला म्हणाले, “चल, अपशकुन झाला.” ती रडत गेली. तिच्यामागोमाग आणखी दोघी गेल्या. घंटा झाली.

मी डोळे मिटून पडलो होतो. मला आवाज ऐकू येत होते. आत प्रश्नपत्रिका वाटत होते, खुर्च्या सरकत होत्या. एक एक मिनिट जात होतं आणि मी मनात म्हणत होतो, जा घरी, ताई, जा. आणि लगेच म्हणत होतो, जाऊ नका. ओठ हलत असावेत, कारण शेजारच्यानं हळूच विचारलं, “तबियत ठीक आहे ना?”

मग डोळ्यांवर सावली आली.

“भैया.”

मी डोळे उघडले. अकरा जणांतून त्या बरोबर माझ्यापाशी येऊन उभ्या होत्या. दहा जणांना वळसा घालून, कट्ट्याच्या कडेकडेनं आल्या होत्या. पुढं मात्र दार होतं आणि दारात मी. चेहरा पांढरा पडलेला, अंगठा पेरांवर नव्हता, दोन्ही हातांनी प्रवेशपत्र धरलं होतं.

“उठता का?”

मी म्हणालो, “मला उठता येणार नाही, ताई.” इतक्या हळू की शेजारच्यालाही ऐकू जाऊ नये.

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मग हात जवळ घ्या,” त्या म्हणाल्या. “पाय लागेल.”

मी हात छातीवर घेतले. त्यांनी मला नमस्कार केला, देवळात पायरी चढताना करतात तसा, लुगडं एका हातानं आवरलं आणि मला ओलांडून आत गेल्या. त्यांच्यामागे उरलेली एक पोरगी होती, कुठल्या तरी मास्तरांची. तीही ओलांडून गेली. धावत.

बाजूनं कुणीतरी हसलं. अध्यक्ष कोपरावर उठून म्हणाले, “अरे, तुझ्यावरूनच रस्ता काढला की रे बाईनं.” आत मास्तरांचा आवाज आला, “इतनी देर से? पंधरा मिनट हो गए.”

दुपारच्या आत मंडळी पांगली. ऊन फार होतं आणि आत जायचे ते आत गेले होते. कुणी उसाच्या रसाला गेलं, कुणी घरी. मला हाक मारली, मी नको म्हणालो. तत्त्वासाठी पडलो होतो असं समजू नका. मी उठलो तर त्यांना उलट ओलांडता येणार नाही, दोष तसाच राहील, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं. तीन पत्रकं लिहिणारा माणूस मी. पाठ फरशीला चिकटली होती. हवालदारानं येऊन वाकून पाहिलं आणि माझ्या तोंडावर त्याच्या लोट्यातलं पाणी शिंपडलं.

सुटल्याची घंटा झाली. मुलगे मला मेलेला समजून आले तसेच मागच्या भिंतीवरून गेले. ताई सगळ्यांत शेवटी.

“अजून इथंच?”

“हो.”

“हलू नका,” त्या म्हणाल्या. पुन्हा लुगडं आवरलं आणि आतून बाहेर, उलटं, मला ओलांडलं. “झालं. आता वाढेल तुमची उंची.”

मी उठून बसलो. डोकं गरगरत होतं. पेपर कसा गेला हे विचारायची माझी हिंमत नव्हती. त्यांनी स्वतःहून सांगितलं, पत्रकाचा गठ्ठा मोजून द्यावा तशा आवाजात. “शेवटचे बारा राहिले. येत होते. सुरुवातीपासून निघाले होते, वाटेत घंटा झाली.”

बारा शब्दांना त्यांना किती वेळ लागतो ते मला ठाऊक होतं. मीच तर घड्याळ लावून बसायचो. जेमतेम पंधरा मिनिटं.

उज्जैन लहान गाव आहे. ताई घरी पोहोचायच्या आधी बातमी पोहोचली. कारकुनाच्या विधवा भावजयीनं फ्रीगंजात भर रस्त्यात पुरुषाला ओलांडलं, एकदा नाही, दोनदा. दीर ओट्यावर उभे होते. ते ओरडले नाहीत. म्हणाले, “वहिनी, कचेरीत मला काय काय ऐकावं लागलं आज. बदलीचे दिवस, साहेबांच्या कानावर गेलं म्हणजे? आता ज्यांना ओलांडलंत त्यांच्याकडेच जा.” जावेनं आतून पत्र्याची ट्रंक आणून दिली. तिनं ट्रंकेत दोन दिवसांच्या दशम्या घातल्या होत्या, ते नंतर कळलं.

ताई ट्रंक घेऊन आमच्या घरी आल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. दार माझ्या आईनं उघडलं. ती सगळं ऐकून बसली होती.

“माझ्या पोराला ओलांडणारी तूच का?”

“हो. परत ओलांडलं, काकू.”

“परत ओलांडलं ना? मग ये. पाय धू.” आणि मान वळवून मला म्हणाली, “तू अंथरूण उचल आणि प्रेसमध्ये निजायला जा. यादी लागेपर्यंत इथं फक्त जेवायला यायचं. आणि लाज असेल तर तेही कमी जेव.”

यादी लागायला बारा दिवस लागले. ते बारा दिवस मी कुठल्या पत्रकात लिहू? आधी निदान भोपाळचं स्वयंपाकघर तरी होतं, आता तेही गेलं होतं. यादीत नाव नसलं तर ताईंना जगात जागा नव्हती, आणि ती जागा पंधरा मिनिटांनी गेली असती, आणि ती पंधरा मिनिटं माझी होती. मी जेवायला जायचो, ताई ताटं मांडायच्या, भाजी वाढायच्या. पुस्तक ट्रंकेत गेलं होतं. अंगठा चालत नव्हता. त्या सारख्या काम करायच्या. डबे घासून झाले, फळ्या पुसून झाल्या. आई एक दिवस म्हणाली, “बाई ग, माझ्या घरात मला करायला थोडं काही राहू दे. मी काय आत्ताच मेले नाही.” ताई ओशाळल्या आणि हात मांडीवर ठेवून बसल्या. ते त्यांचे रिकामे हात मला बघवेनात.

आठव्या दिवशी दार वाजलं. कुणी तरी दुधाचं भांडं मागायला आलं होतं. पण त्या आवाजाला ताई उठून मागच्या भिंतीला जाऊन उभ्या राहिल्या. मी तेव्हा पहिल्यांदा म्हणालो, “ताई, चूक माझी आहे.”

“आहे ना,” त्या म्हणाल्या. “मी कुठं नाही म्हणते? जेवा.”

यादी त्याच शाळेच्या दारावर लागली. ताई आल्या नाहीत. त्यांनी प्रवेशपत्र माझ्या हातात दिलं, नंबर एकशे सत्तेचाळीस. दारापाशी गर्दी होती. मी गर्दी हटायची वाट पाहिली. खरं सांगतो, भ्यालो होतो म्हणून वाट पाहिली. मग वाचायला लागलो ते खालून. वर नसेलच, खाली असला तर असेल, असा हिशेब. सगळ्यांत खाली दुसराच कुठला आकडा. त्याच्यावर एकशे सत्तेचाळीस.

माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसला नाही. मी शाळेच्या शिपायाला बोलावलं. “जरा वाचा हो.” त्यानं चष्मा लावला. “एक सौ सैंतालीस. क्यों, आपका है क्या?” मी म्हणालो, नाही. आणि मग पळालो. पोरवयातसुद्धा मी एवढा कधी पळालो नव्हतो.

ताई ओट्यावर सांडगे वाळत घालत होत्या. मला धावत येताना पाहून त्या उभ्या राहिल्या.

“आहे,” मी म्हणालो. “खालून दुसरा.”

“पण आहे?”

“आहे. शिपायालाही दाखवला.”

त्या तिथंच, सांडग्यांशेजारी, खाली बसल्या. आई बाहेर आली, तिनं आम्हा दोघांकडे पाहिलं आणि ती आत जाऊन गूळ घेऊन आली. जरा वेळानं ताई म्हणाल्या, “ती रडत गेली ना, वडिलांबरोबर, त्या मुलीला माझ्यापेक्षा चांगलं येत होतं, भैया. मला बोलली होती झाडाखाली. तिला पाठ नव्हतं करावं लागत, ती वाचायचीच इंग्रजी.” त्यांनी मला दोष दिला नव्हता. पण आजही, मंडळाची बैठक असली आणि कुणी म्हणालं की लढ्यात थोडं नुकसान होतंच, की मला ती मुलगी दिसते. तिचं नावसुद्धा मला माहीत नाही.

पेपर रद्द झाला नाही. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षीही नाही. आम्ही अजून मागणी करतो. आता दारात पडत नाही, मंत्र्यांच्या गाडीपुढे पडतो. मंत्र्यांची गाडी थांबवणं सोपं असतं, तिला निदान ब्रेक दाबणारा ड्रायव्हर असतो.

जुलैत ताई इंदूरला गेल्या. सकाळची बस होती. ट्रंक उचलायला मालकांनी प्रेसचा हमाल पाठवला होता. आईनं रतलामी शेवेची पुडी दिली आणि सांगितलं, “कुणाला देऊ नकोस, एकटीनं खा. वसतिगृहात पोरी भुक्कड असतात.” मी तिकीट काढून आणलं. त्यांना बायकांच्या बाकावर खिडकीशी जागा मिळाली. मांडीवर ट्रंक.

मला खूप बोलायचं होतं. बारा दिवस मी वाक्य जुळवत होतो, आणि वाक्यं जुळवणं हा माझा धंदाच. कंडक्टर दारात उभा राहून ओरडत होता, “इंदौर, सांवेर, इंदौर.” मी खिडकीखाली जाऊन गजाला धरलं आणि वर पाहिलं.

ताई झोपल्या होत्या. बस सुटली नव्हती, माणसं अजून चढत होती, कोंबड्यांची टोपली त्यांच्या पायाशी कुणी ठेवत होतं, आणि त्या ट्रंकेवर गाल टेकून तोंड थोडं उघडं टाकून गाढ झोपल्या होत्या. कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं. “जगाऊं क्या, भैया?”

मी नको म्हणालो. वाटेत सांवेर आलं तरी उठवू नका, म्हणालो. इंदूर आलं की मग उठवा.